अप्पू घर आणि कोलंबसच्या पोटाखालचं चाक

मागच्या वर्षी कामानिमित्त दिल्लीला गेले होते. मेट्रोच्या ब्लू लाइनवर 'सुप्रीम कोर्ट' स्टेशनला उतरले, जिना चढून वर आले आणि तिथंच थबकले. या स्टेशनाचं नाव पूर्वी प्रगती मैदान होतं, शेजारच्या प्रदर्शनांच्या मैदानावरून. समोर कोर्टाची नवी इमारत, गेटवर पोलीस, फायली छातीशी धरून लगबगीनं चाललेले काळ्या कोटातले वकील. तिथूनच बाबांना फोन लावला.

"कुठं आहेस बेटा?"

"अप्पू घर होतं ना बाबा, तिथं उभी आहे."

पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "कोलंबस कुठं ठेवलंय त्यांनी?"

अप्पू घर म्हणजे दिल्लीचं जुनं अम्युझमेंट पार्क आणि कोलंबस म्हणजे तिथली झुलणारी मोठी बोट. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. अप्पू घर बंद झालं हे त्यांना माहीत आहे, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. पण जागा बंद होणं आणि मशीन नाहीसं होणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन कुठंतरी असतंच. म्हणून प्रश्न 'काय झालं' असा नव्हता, 'कुठं ठेवलंय' असा होता. त्या प्रश्नानंच मला हे लिहायला बसवलं.

मुंबईकडच्या मंडळींना २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्यावर जे वाटलं, ते आम्हा ग्वाल्हेर, झाशी, आग्र्याकडच्या लोकांच्या वाट्याला २००८ मध्येच येऊन गेलं. आमच्या पिढीचं पहिलं 'अम्युझमेंट पार्क' म्हणजे दिल्लीचं अप्पू घर. त्याच्या बाहेरून जाणारा मथुरा रोड धरून सरळ निघालं की मथुरा, आग्रा, मुरैना आणि मग आमचं गाव. लहानपणी मला वाटायचं की हा रस्ता आमच्यासाठीच बांधलाय, एका टोकाला आमचं घर आणि दुसऱ्या टोकाला अप्पू घर.

पण आधी बाबांबद्दल आणि आमच्या मेळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीसांची गोठ या मोहल्ल्यात. बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान दाल बाजाराच्या बाजूला होतं. डाळ मिलच्या, पिठाच्या चक्कीच्या, पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. आणि डिसेंबर संपता संपता मेळा भरला की झूल्यांच्या मोटारी यायला लागायच्या. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे पाळणा फक्त बाळाचा. मेळ्यातला तो झूला.)

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधव महाराज शिंद्यांनी सुरू केला. मुळात तो गुरांचा बाजार होता. आज शंभर एकरांहून मोठ्या मैदानात भरतो. लोक तिथं परातीएवढा पापड खायला, सॉफ्टी खायला जातात, आणि रोड टॅक्समध्ये सूट मिळते म्हणून गाड्या घ्यायलाही जातात. पण पोरांसाठी मेळा म्हणजे झूले आणि मौत का कुआँ. माझ्या लहानपणी थंडीत व्होल्टेज इतकं पडायचं की बल्बची तार लाल दिसायची. कमी व्होल्टेजवर भरलेला झूला ओढायचा म्हणजे मोटर जास्त करंट खाणार, तापणार, आणि शेवटी जळणार. मग रात्री अकरा-बारा वाजता दारावर थाप. बाहेर हातठेला, ठेल्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटर, बरोबर झूल्याचा मालक कानटोपी घालून उभा. "पंडितजी, कल शाम तक चलानी है."

बाबा स्वेटरच्या बाह्या वर करून बसायचे. मोटर उघडली की जळलेल्या वार्निशचा वास घरभर. तो वास मला आजही आवडतो, सांगितलं तर लोकांना पटत नाही. जळालेली कॉइल ते छिन्नीनं कापून काढायचे, पण एक कॉइल अख्खी बाजूला ठेवायचे, वेढे मोजायला. मोजायचं काम माझं. काळ्या पडलेल्या तारा एकेक करून सोडवायच्या आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. चुकलं तर पहिल्यापासून. मग नवी तार, खाचांमध्ये करंट अडवणारा लेदराइड कागद, वर बांबूच्या पट्ट्या ठोकून कॉइल घट्ट. वार्निश ओतलं की मोटर लाकडी खोक्यात ठेवायची आणि आत दोनशे वॅटचे बल्ब लावून रात्रभर वाळवायची. त्या खोक्याच्या फटींतून येणारा पिवळा उजेड अंगणात पडायचा. आमच्या घरी जानेवारी महिन्याचा तोच दिवा.

म्हणजे झूला म्हटलं की इतर पोरांना वरचं दिसायचं, आम्हाला खालचं.

१९८९ च्या डिसेंबरात, बड्या दिनाच्या (नाताळच्या) सुट्टीत, बाबांनी दुकान तीन दिवस बंद ठेवलं. मेळा अजून उभा राहायचा होता, म्हणून जमलं. दिल्लीचा मामा सरकारी नोकरीत होता, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचा. दोन वर्षं त्याची पत्रं येत होती, पोरांना एकदा अप्पू घर दाखवा. मी दहा वर्षांची, धाकटा भाऊ सात. माझ्या पेन्सिलीच्या डब्यावर नाचणाऱ्या अप्पूचं चित्र होतं, अर्धं खरवडून गेलेलं. आईनं दशम्या, लसणाची चटणी आणि तिळाचे लाडू बांधले आणि आम्ही पंजाब मेलनं रात्री नवी दिल्लीला उतरलो.

अप्पू म्हणजे १९८२ च्या एशियाडचा तो हत्तीचा पिल्लू. आता चाळिशीखालच्या लोकांना हे सांगावं लागतं. दिल्लीतलं ते एशियाड १९ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं, त्याच वर्षी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, आणि रंगीत टीव्हीवर देशानं सगळ्यात आधी प्रेमानं पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी एक या हत्तीचा. खराखुरा अप्पूही होता. केरळचा, नाव कुट्टीनारायणन. सात वर्षांचा असताना तो एका सेप्टिक टँकमध्ये पडला आणि त्याचा पाय मोडला. जखम कधीच पुरती भरली नाही. २००५ च्या मे महिन्यात तो गेला. ज्याच्या नावावर एवढं मोठं खेळघर चाललं, तो हत्ती तितकी वर्षं दुखऱ्या पायानं जगला, हे मला फार उशिरा कळलं आणि अजून सलतं.

अप्पू घर उघडलं १९ नोव्हेंबर १९८४ ला. एशियाडच्या उद्घाटनाला बरोबर दोन वर्षं झाली होती. इंदिरा गांधींचा वाढदिवसही तोच. पण तेव्हा त्यांची हत्या होऊन फक्त एकोणीस दिवस झाले होते. उद्घाटन राजीव गांधींनी केलं. ज्या दिल्लीत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिखांची घरं जळाली, माणसं मारली गेली, त्याच दिल्लीत त्याच महिन्यात मुलांसाठी झूल्यांची बाग उघडली. आणि पुढं दोन आठवड्यांच्या आत आमच्या राज्यात भोपाळ झालं. मामा सांगायचा की सुरुवातीला शेजारपाजारचे लोक मुलांना घेऊन जायला कचरत होते, मग हळूहळू जायला लागले. त्याच्या मते शहराला तेव्हा हसायला एखादी जागा लागतच होती. मला तो १९ नोव्हेंबर नेहमी विचित्र वाटत आला आहे, कारण आमच्या ग्वाल्हेरात १९ नोव्हेंबर म्हणजे झाशीच्या राणीची जयंती. राणीची समाधी आमच्या फुलबागेजवळ. शाळेतून रांगेनं आम्हाला तिथं नेत. माझ्या डोक्यात ती तारीख कायमची तशीच बसली आहे: समाधीवरची झेंडूची फुलं आणि डब्यावरचा हत्ती, एकाच दिवशी.

प्रगती मैदानाच्या कडेला पंधरा एकरांहून जराशी मोठी जागा. आजच्या हिशेबानं काहीच नाही, गावाबाहेर याहून कितीतरी मोठी पार्कं आहेत. पण अप्पू घर गावाबाहेर नव्हतं, दिल्लीच्या मधोमध होतं. डीटीसीची बस पकडली की दारात. नोव्हेंबरात शेजारी ट्रेड फेअर भरायचा, १४ ते २७ तारखेपर्यंत, तो पाहून लोक इकडे वळायचे. कारकुनाचं कुटुंब, आमच्यासारखं दुकानदाराचं कुटुंब, गावाकडून आलेले पाहुणे, सगळे एकाच रांगेत. गाडी असलेल्यांसाठी वेगळी आणि बसनं येणाऱ्यांसाठी वेगळी अशी गंमत तेव्हा नव्हती. मला वाटतं अप्पू घरची सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती, झूले नंतर.

आणि झूले! आत शिरलं की आधी आवाज यायचा. मेळ्यात डिझेल इंजिनांची धडधड, लाउडस्पीकर आणि माणसं यांचा मिळून एक गोंगाट असतो. इथं प्रत्येक झूल्याचा स्वतःचा आवाज होता. भाऊ डॅशिंग कारकडे पळाला. छताला लोखंडी जाळी, प्रत्येक गाडीच्या पाठीला एक दांडा, दांड्याचं टोक जाळीला घासत चाललेलं, आणि मधूनच निळी ठिणगी. बाबांनी आम्हाला रांगेत उभ्या-उभ्या सांगितलं की करंट जाळीतून दांड्यात येतो, गाडीच्या मोटारीतून जातो आणि चाकांवाटे खालच्या लोखंडी पत्र्यात उतरतो. व्होल्टेज घरातल्यापेक्षा कमी असतं म्हणून पत्र्यावर पाय पडला तरी भीती नाही. भावानं ऐकलं की नाही कोण जाणे, तो दर ठिणगीला टाळ्या पिटत होता. मी मात्र गाडीत बसल्यावर सगळा वेळ मान वर करून जाळीच बघत होते आणि चारी बाजूंनी ठोकर खात होते.

रोलर कोस्टर आजच्या मानानं बुटका होता, पण चढावर तो कट-कट-कट आवाज आला आणि आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. खाली उतरल्यावर तिनं बाबांना विचारलं, काही मोडलं होतं का आत? बाबा म्हणाले, "तो कुत्रा आहे." आमच्या मिस्त्री लोकांत दात्यांच्या पट्टीवर अडकणाऱ्या खिटीला कुत्रा म्हणतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही तोच असतो. गाडी साखळीनं वर ओढली जाताना खिटी एकेक दात ओलांडत जाते, तो तिचा आवाज. समजा साखळी तुटली, तर कुत्रा दात धरून ठेवतो, गाडी मागं घसरत नाही. म्हणजे माणसं ज्या आवाजाला घाबरतात, त्याच आवाजानं त्यांना धरून ठेवलेलं असतं. आईला ते ऐकून बरं वाटलं, तरी दुसऱ्यांदा बसली नाही.

जायंट व्हीलला बाबांनी फक्त एक गोष्ट पाहिली: बसवणारा माणूस खुर्च्या ओळीनं भरतोय की समोरासमोरच्या भरतोय. समोरासमोरच्या भरत होता. "बरोबर," म्हणाले. एका बाजूला वजन जास्त झालं की मोटर आणि ब्रेक दोघांवर ताण येतो. मेळ्यात घाईघाईत हे पाळत नाहीत, आणि मग मोटर आमच्या घरी येते.

मग कोलंबस.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एक मोठी रंगीत बोट. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या, म्हणजे आधाराचे सांगाडे, वर आडवा शाफ्ट, शाफ्टला टांगलेली बोट. आधी हळू हलते, मग उंच, आणखी उंच, टोकाला बसलेल्यांना एका क्षणी अंगात वजनच उरत नाही आणि पोटातला गोळा गळ्याशी येतो. मी, भाऊ आणि मामा चढलो. आई बाकावर. आणि बाबा? ते चढलेच नाहीत. कठड्याशी उकिडवे बसून बोटीच्या खाली बघत होते. वरून मला प्रत्येक हेलकाव्याला त्यांची टोपी दिसायची, यायची आणि जायची.

उतरल्यावर त्यांनी मला बोलावलं. "खाली वाक. अजून. आता बघ."

बोट पुन्हा भरून निघाली होती. तिच्या पोटाखाली, फलाटाच्या खड्ड्यात, एक टायर होता. साधा रबरी टायर, मोटारीवर चढवलेला. बोटीचा तळ त्याच्यावरून जाताना टायर त्याला घासून पुढं लोटायचा. बस्स. वर एवढी मोठी बोट, शंभर आरोळ्या, आणि खाली एक टायर दर खेपेला अर्धा क्षण हात लावतो. "तुला झोक्यावर ढकलताना मी काय करतो?" बाबांनी विचारलं. "येताना ढकलतो का? जाताना ढकलतो. थोडंसंच. पण दर वेळी." थांबवतानाही तोच टायर, फक्त उलटा घासायचा. बोट डावीकडून आली की मोटर एकीकडे फिरणार, उजवीकडून आली की दुसरीकडे. "अशी उलट-सुलट चालणारी मोटर फार तापते. हिचं वाइंडिंग कुणी केलंय बघायला पाहिजे." एखाद्या गवयाला चांगला तानपुरा दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी मनगटावरचं एचएमटी घड्याळ धरून हेलकावे मोजायला सुरुवात केली. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. मधे रांग तुटली तेव्हा ऑपरेटरनं बोट जवळजवळ रिकामी सोडली, चार-पाच जणच होते. तीही मोजली. बाबा एकदम उठून उभे राहिले. "भरलेली बोट आणि रिकामी बोट, हेलकाव्याला वेळ तेवढाच लागतो. कसं काय?" मामाला विचारलं. मामानं खांदे उडवले. परतताना पंजाब मेलमध्येही तोच विषय. इतकी माणसं जास्त, इतकं वजन जास्त, मग वेळ का वाढत नाही?

सहा वर्षांनी, अकरावीत, मला त्याचं उत्तर पुस्तकात सापडलं. लंबकाच्या सूत्रात लांबी आहे, गुरुत्वाकर्षण आहे, वजन नाहीच. दहा मीटर लांबीचा लंबक एक पूर्ण हेलकावा साधारण सहा-साडेसहा सेकंदांत करतो, गोळा शिशाचा असो की लाकडाचा. मी पुस्तक घेऊन दुकानात गेले. बाबा कॉइल भरत होते. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं, शेवटची पट्टी ठोकली, मग पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि त्या पानावर वार्निशचा अंगठा उमटला. "म्हणजे मी बरोबर मोजलं होतं," एवढंच म्हणाले. आज मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. ते पुस्तक आणि तो अंगठा माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट. निघायच्या आधी बाबांनी कोलंबसच्या घोडीचा पाय हातानं चाचपून पाहिला. जाड बोल्ट थेट काँक्रीटच्या पायात उतरलेले. मेळ्यातले झूले लाकडी ठोकळ्यांवर, जॅकवर उभे असतात, दरवर्षी नट-बोल्ट खोलून ट्रकवर चढतात आणि दुसऱ्या गावी जातात. दरवर्षी नव्यानं पिना घालायच्या, नव्यानं लेव्हल काढायची, आणि एखादी पिन विसरली की काय होतं ते बाबांनी पाहिलेलं. म्हणून त्यांना ते पक्कं बांधकाम फार आवडलं. त्यांनी आम्हाला जयविलास महालाची गोष्ट सांगितली, ग्वाल्हेरच्या प्रत्येक पोराला ती पाठ असते: साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते. "झूल्यालाही आधी वाळूची पोती बसवून चालवून बघतात, मग माणसं. हे पक्कं आहे. हे हलायचं नाही. तुमची पोरंही इथंच येतील."

पाया काँक्रीटचा होता. जमीन मात्र सरकारकडून मुदतीनं घेतलेली होती.

मुदत संपल्यावर जागेचा प्रश्न कोर्टात गेला. ती जागा दिल्लीच्या मधोमध होती, मेट्रोला हवी होती आणि मथुरा रोडच्या पलीकडं असलेल्या सुप्रीम कोर्टालाही, वाढत्या कामकाजासाठी. कोर्टाच्या आदेशानंतर १७ फेब्रुवारी २००८ ला, एका रविवारी, अप्पू घर कायमचं बंद झालं. तेवीस वर्षं आणि तीन महिने. २०१४ मध्ये गुरुग्रामला अप्पू घर याच नावानं एक वॉटर पार्क सुरू झालं. प्रगती मैदानाच्या बाजूच्या जमिनीवर कोर्टाचं नवं संकुल उभं राहिलं, जुलै २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि जुन्या इमारतीशी ते भुयारी मार्गांनी जोडलं गेलं. न्यायाला जागा लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथं उभं राहून एक गोष्ट मनात आलीच. एक छोटी पाटी, एक डॅशिंग कार, तो हत्ती, कुठंतरी भिंतीशी ठेवायला किती जागा लागली असती? प्रगती मैदानानं स्वतःचं तरी काय राखलं? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय मेळ्यासाठी बांधलेला हॉल ऑफ नेशन्स, राज रेवालांचा, ज्याची चित्रं आर्किटेक्चर शिकणारी जगभरची मुलं पाहतात, तो २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडला. जुने किल्ले, महाल आपण जपतो, निदान जपायला हवेत असं म्हणतो. माणसं जिथं पोटभर हसली त्या जागांची नोंद कुणी ठेवायची हे मात्र ठरलेलं नाही. आमच्या शिंदे महाराजांची दारू आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी अजून जेवणाच्या टेबलावर मांडलेली आहे, लोक तिकीट काढून बघतात. ती महाराजांची होती म्हणून राहिली. कोलंबस आपल्या सगळ्यांचं होतं.

माझी स्वतःची एक चूक इथं लिहिते. माझा मुलगा २००३ चा. २००७ च्या दिवाळीत बाबा म्हणाले होते, चल, याला दाखवून आणू. तेव्हा आमच्या परीक्षा तोंडावर होत्या, मी म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत निवांत जाऊ, तोपर्यंत हा जरा मोठा होईल. फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. चहाचा कप हातात घेऊन मी ती बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुकानात गेले आणि रात्री उशिरा आले.

आणि गंमत बघा, जो दरवर्षी खोलून नेतात, ज्याला पाया म्हणून लाकडी ठोकळे असतात, तो आमचा मेळा १९०५ पासून अजून भरतोच आहे.

या जानेवारीत बाबांना मेळ्यात घेऊन गेले. गुडघे दुखतात, काठी लागते, पण झूल्यांकडे जायचंच होतं. आता तिथंही बोट असते, ट्रकवरून येणारी, तिला नाव म्हणतात. रंग ताजा, नाकावर ड्रॅगनचं तोंड. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, कठडा धरला आणि हळूहळू खाली वाकले. मी म्हटलं, बाबा, नको. ऐकलं नाही. लिव्हरवरचा पोरगा वीस-बावीसचा, आधी ओरडला, "बाबूजी, पीछे," मग त्यांचं वय बघून खाली आला.

"टायर एक तरफ से खा रहा है," बाबा म्हणाले. "बाहर वाला किनारा देख. मोटर तिरछी बैठी है."

पोरगा वाकला. खरंच, टायरची बाहेरची कड गुळगुळीत झाली होती, आतली नवीसारखी. "मालिक को बोलता हूँ."

"बोलना नहीं, आज रात को बोल्ट ढीले करके पत्ती लगा. दो सूत की." मग बाबांनी विचारलं, "ये नाव आई कहाँ से?"

पोराला माहीत नव्हतं. मालकानं विकत घेतली, त्याआधी दुसऱ्या कुणाची होती, त्याआधी कुठली कोण सांगणार. बाबांनी घोडीच्या पायावर जिथं रंगाचा पोपडा निघाला होता तिथं नख घातलं. लालच्या खाली पिवळा निघाला, पिवळ्याच्या खाली हिरवट निळा. त्या निळ्यावर अंगठा ठेवून ते जरा वेळ तसेच राहिले. मी काही विचारलं नाही.

फेरी संपली होती. माणसं उतरली, नवी अजून चढायची होती. "एक बार खाली चला," बाबा पोराला म्हणाले. त्यानं बोट अडवून ठेवली आणि नुसता टायर फिरवला. बाबा कान लावून ऐकत होते, डोळे मिटून. मेळ्याच्या त्या सगळ्या गोंगाटात.

"बेअरिंग चांगलं आहे," मला म्हणाले. मग हात पुढं केला, काठीसाठी, आणि आम्ही पापडाच्या गाड्याकडे निघालो.